गुळाची आणि ज्वारीची

कर्फ्यू लागून चार दिवस झाले होते. शहागंजच्या आतल्या गल्लीत अनवरीला घराची खिडकीसुद्धा उघडता येत नव्हती. जरा फट पडली की खालून शिपाई दांडकं आपटायचा. दोन खोल्यांत माणसं तीन, आणि फडताळावर चिलटांच्या दोन बरण्या.

बरण्या लेकीच्या, सगीराच्या. ती विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायची. शहरात गडबड होणार असं कानावर येताच तिनं त्या पिशवीत घालून घरी आणल्या होत्या.

"माणसाला दूध मिळेना," तिचे अब्बा कमरोद्दीन म्हणाले, "आन् हिच्या चिलटांना गूळ!"

"दोन वर्षांची मेहनत आहे, अब्बा."

मग तिनं अम्मीला समजावून सांगितलं. ही सगळी चिलटं एकाच सडक्या केळ्यावरची, एका घरचीच म्हणायची. अर्धी तिनं गुळावर वाढवली, अर्धी ज्वारीच्या पिठावर. त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, पण एकमेकांची गाठ कधी पडू दिली नाही. अशी वेगळी राहिली, तर पुढं एकत्र आली तरी आपसांत जोड्या जमवत नाहीत. एका जातीच्या दोन जाती व्हायला लागतात त्या अशाच. गुळात ती जर्द्याच्या गोड भातात घालतात तो तांबडा रंग घालायची, म्हणून गुळाच्या चिलटांची पोटं लालसर दिसत.

"आणि आधीच मिसळली तर?"

"तर दोन्ही घराणी बुडाली. परत पहिल्यापासून."

अनवरी दिवसभर त्या बरण्यांकडं बघत राहायची. काचेच्या अलीकडं ही, पलीकडं ती. पोलीस ॲक्शननंतर तिची आपा, थोरली बहीण, मामूंबरोबर कराचीला गेली, तेव्हा अनवरी आठ वर्षांची होती. चाळीस वर्षांत भेट नाही. आता कुठं आपाला व्हिसा मिळाला होता, आणि नेमका कर्फ्यू लागला.

दुपारी सगीराचा डोळा लागला. अनवरीनं दोन्ही बरण्या उतरवल्या, कापसाचे बोळे काढले, तोंडाला तोंड लावलं आणि सांध्यावर जुनी ओढणी घट्ट गुंडाळली. "जा गं, भेटा," ती पुटपुटली.

सगीरा उठली ती किंचाळलीच. "अम्मी! हे काय केलंस?"

"एका घरची ना ती? मला बघवेना."

सगीरा मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्याकडं पाहून अनवरीला कळलं, आपण काय करून बसलो ते. कमरोद्दीन थट्टा करायचंही विसरले.

बऱ्याच वेळानं सगीरानं भिंग घेतलं. बरण्या आडव्या ठेवून बघत राहिली. अनवरी शेजारी उभी. बाहेर गाडी गेली, शिपाई ओरडला, गल्ली पुन्हा गप्प झाली.

"अम्मी, इकडं ये. बघ."

भिंगातून अनवरीला दिसलं. लाल पोटाचा नर पंख थरथरवत साध्या पोटाच्या मादीजवळ जाई, ती तोंड फिरवून चालू लागे. जोड्या जमल्या होत्या, पण लालाची लालाशी, साध्याची साध्याशी.

"नाय मिसळली?"

"नाही मिसळली!" सगीरा रडत हसत होती. "रंगावरून निवडून काढते सगळी. वाचलं, अम्मी. मी म्हणत होते तेच झालं."

"या अल्लाह," म्हणत अनवरी भिंतीला टेकली. पण डोळे बरण्यांवरच होते. "म्हणजे ओळखच राहिली नाय त्यांना?"

"खाणं बदललं, अंगाचा वास बदलला. ती तरी काय करतील?"

अनवरीनं पदरानं बरणीची काच पुसली. मग म्हणाली, "आपा कराचीत काय खात असंल गं?"

सगीरानं भिंग खाली ठेवलं. "माणसाचं चाळीस वर्षांत असं होत नाही, अम्मी. तुम्ही दोघी तर एकाच पिढीच्या. तुझी आपा दारातूनच तुला हाक मारेल."

"व्हय," अनवरी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोघींनी चिलटं निवडली. शेवटचा बोळा अनवरीनंच बसवला, अगदी घट्ट. आतलं एक लाल पोटाचं चिलट काचेवर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. तिनं बरणी फडताळावर ठेवली आणि खिडकीची कडी एकदा चाचपून पाहिली. लागलेलीच होती.