बशीतलं दुखणं

बायको गेली, पण तिचं दुखणं अजून जिवंत आहे. माझ्या मेव्हणीच्या प्रयोगशाळेत, तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या बशीत. ऑपरेशनच्या वेळी गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायला आम्ही होकार दिला होता. मेव्हणी त्या पेशी वाढवते, दिवसाआड त्यांना ताजं गुलाबी खाद्य घालते. शेवटी शेवटी बायकोच्या घशाखाली चमचाभर पाणी उतरत नव्हतं, आणि ज्यानं तिला खाल्लं त्याची ही बडदास्त. माझं डोकं फिरतं.

"ते मरताना मला एकदा बघायचंय," मी मेव्हणीला म्हणालो होतो. "मग बशी फेकून दे."

"शुक्रवारी या, भावजी," ती म्हणाली.

तिचं काम तिनंच मला समजावलंय. डीएनएचे बारीक धागे असतात. धागा दुमडतो, आणि त्याचा जो आकार होतो तो एखाद्याच गोष्टीला नेमका चिकटतो. अशा धाग्याला ॲप्टामर म्हणतात. वेगवेगळे अगणित धागे पेशींवर ओतायचे, धुवायचे, चिकटून राहतील त्यांच्या नकला काढायच्या, पुन्हा ओतायचे. चांगल्या पेशींना चिकटले ते बाद. वर्षभर हे करून तिच्याकडे एक धागा उरला. त्याला औषध बांधलं की तो गाठीच्या पेशीलाच धरणार. बायकोचं औषध सगळ्या अंगावर चाललं होतं. केस गेले, नखं गेली, तोंडाची चव गेली. गाठ तेवढी राहिली.

शुक्रवारी गेलो. मेव्हणीनं झगा दिला.

"भावजी, उलटा घातलात."

"पाठीवर बंद कुणी शिवले?"

"ताई म्हणायचीच, यांना शर्टसुद्धा हातात द्यावा लागतो."

धाग्याला बांधलेलं औषध आदल्या दिवशीच घालून बशी अंगाएवढ्या उबेत ठेवली होती. तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"मेलेल्या पेशी कशा दिसतात?" मी विचारलं.

"गोल होऊन तरंगतात."

"मग एकही मेलेली नाही. ऐसपैस पसरल्यात. जावई आल्यासारख्या."

तिनं मला बाजूला सारून डोळा लावला. मग प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना बोलावून आणलं. त्यांनी बशी पाहिली आणि विचारलं, "धागा निवडताना पेशी कशावर ठेवून धुतल्यास?"

"बर्फावर."

"आणि चिकटतो का ते कशावर तपासलंस?"

"तेही बर्फावरच."

"म्हणजे धाग्याची घडी गारव्यात राहते, अंगाच्या उबेत सुटते, मग तो चिकटणार कसा? अगं, माणसाचं अंग काय बर्फाचं असतं? बाकी सगळ्यांच्या पेशी उबेत धुतेस ना?"

"ताईच्या नाजूक होत्या. उबेत निम्म्या सुटून वाहून जायच्या. मला बघवेना."

"टिकाऊ पेशी घे दुसऱ्या कुणाच्या तरी. या ठेवायच्या की नाही ते यांना विचार," असं म्हणून बाई निघून गेल्या.

मी ताडकन उठलो. "लाड केलेस! त्या गाठीचे लाड!"

"केले," ती म्हणाली. "तेवढीच ताई उरलीय माझ्याकडे."

"ती ताई नाही! तिनंच ताईला खाल्लंय!"

"मला शिकवू नका, भावजी. माझं वर्ष पाण्यात गेलंय."

वर्ष तिचं एकटीचं नव्हतं. रोज सकाळी उठून मीसुद्धा या दिवसाचीच वाट बघत होतो. बशी उचलून फरशीवर आपटावी असं वाटलं. एवढीशी तर होती. हात झग्याच्या लांब बाहीत अडकला होता, तो सोडवता सोडवता मी विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या घेतल्यास तर?"

"काम लवकर होईल. पण ताईसारख्या गाठीवर धागा चालेल का, ते कळणार नाही. तशी गाठ आमच्याकडे ही एकच आहे."

"आणि ह्याच ठेवल्या तर?"

"पुन्हा पहिल्यापासून. उबेत. जेवढ्या टिकतील तेवढ्यांवर."

गुलाबी खाद्याची बाटली टेबलावरच होती. मी झगा काढून तिच्या हातात दिला.

"घाल खायला त्यांना," मी म्हणालो. "पण माझ्यासमोर नको."