डावा तळवा

"पाय माझे आहेत का तुझ्या कारखान्याचा माल? उठसूट काहीतरी चिकटवते मेली."

सासूबाई पुटपुटत होत्या. मी त्यांच्या पायाशीच बसलेली, त्यामुळे एक शब्दही सुटला नाही.

आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात पूर्वी वेफरची पाकिटं छापायचो. आता तसल्याच पातळ प्लॅस्टिकवर एक खास शाई छापली, की झाली तापमान मोजायची पट्टी. वाकते, दुमडते, अंगाला कापडासारखी बसते आणि स्वस्त. शुगरवाल्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम राहायला लागला, तर आत काहीतरी बिघडतंय हे जखम व्हायच्या आधी कळतं. साहेबांनी घरी करून बघायला पट्ट्या आणि आकडे दाखवणारी डबी दिली होती, आणि सासूबाईंची शुगर जुनी.

दोन्ही तळव्यांना पट्ट्या लावल्या, वायरी डबीत खोचल्या. डबीवर आकडे आले. डावा पाय गरम.

"डबीच खराब आहे तुझी," सासूबाई म्हणाल्या. "वेफरवाल्यांना पायातलं काय कळतंय?"

"आई, उद्या डॉक्टरकडे जाऊ," माझा नवरा मुकेश म्हणाला.

"तुझा बाप गेला होता ना डॉक्टरकडे."

मामंजी दवाखान्यात चालत गेले होते आणि एका पायावर परत आले. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही.

"पट्ट्यांची अदलाबदल करून बघू," मी म्हटलं. कारखान्यात शंका आली की आम्ही हेच करतो. पट्टी खोटी असेल, तर जास्तीचा आकडा तिच्याबरोबर दुसऱ्या पायावर जाईल.

मुकेशने डावी पट्टी ओढली. चिकटपट्टी मी जरा जास्तच लावली होती, कातडीचा पापुद्रा सोबत निघाला. सासूबाई खिडकीतून शेजारच्या बनूबाईंचे पापड वाळताना बघत होत्या, त्या बघतच राहिल्या. मग मुकेशचा चेहरा त्यांना दिसला.

"आई गं! हळू रे मेल्या!"

फार उशिरा ओरडल्या.

मी पट्ट्या अदलाबदल करून लावल्या. तरी डावाच गरम. मी डबी पदराखाली घेतली.

"चहा टाकते."

"टाक," मुकेश म्हणाला.

कुणीच उठलं नाही. सासूबाईंनी डावा पाय जवळ ओढला, तान्ह्या पोराचा धरावा तसा तळवा दोन्ही हातांत धरला. अंगठ्याने दाबला. परत दाबला.

"काहीच कळत नाही रे मुकेश माझ्या या पायाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचाही आधी असाच झाला होता. माझाही कापतील म्हणून भीती वाटते."