आडवाट

"आणि त्या खिडकीच्या पडद्यांना आतून अस्तर लाव हो, नाहीतर उन्हाने विटतात," असं म्हणत बाईंनी सुनेच्या पोटावरचा सोनोग्राफीचा प्रोब किंचित डावीकडे सरकवला.

बाईंनी विषय पडद्यांवरून गादीवर नेला, गादीवरून शेजारणीच्या गुडघेदुखीवर. खोलीत दिवे मालवलेले होते. उजेड होता तो फक्त स्क्रीनचा, आणि बाईंची नजर तिथून हलत नव्हती.

हृदयाची सोनोग्राफी करण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दिसेल ते डॉक्टरांना दाखवायचं, पेशंटला चकार शब्द सांगायचा नाही, हा तिथला नियम. कॉटवरची माणसं मात्र स्क्रीनकडे न बघता बाईंच्या तोंडाकडेच बघत. म्हणून बाईंनी चेहरा असा कमावला होता की त्यावरची माशीही हलू नये. दवाखान्यात पाठीमागे त्यांना मख्खबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पण असा चेहरा काम संपल्यावर खुंटीला टांगून घरी जाता येत नाही. मुलगा थट्टेने म्हणायचा, "आई म्हणजे बंद दुकान. कधी उघडणार त्याची पाटीसुद्धा नाही." सून लग्न होऊन आली ती या चेहऱ्याला बिचकूनच होती. आपण सासूला पसंत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि तसं नाही, हे कसं सांगावं ते बाईंना सुचलं नव्हतं.

पोटातल्या बाळाचं हृदय नीट दिसत नाही, एकदा बघून घ्या, असं नेहमीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, म्हणून सून आज या कॉटवर होती. हृदय सुरुवातीला नुसती एक नळी असते. आईला दिवस गेल्याची चाहूल लागते न लागते तोच ती धडधडायला लागते. मग स्वतःभोवती वळते, दुमडते, आत भिंती उभ्या राहतात, चार कप्पे होतात. बाईंनी हे चार कप्पे इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटूनही दिसावेत. इथे तीनच हलत होते. डावीकडचा मोठा कप्पा, ज्याने साऱ्या अंगाला रक्त पुरवायचं, तो तिळाएवढा राहून गेला होता. त्यातून निघणारी धमनी सुतासारखी बारीक होती.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही एवढं कधीच बोलत नाही."

बाईंचा हात थांबला.

"काय दिसतंय?"

"डॉक्टरीणबाई येतील आत्ता. त्या सांगतील."

"तुम्ही सांगा."

बाईंनी प्रोब जागेवर ठेवला. सुनेच्या पोटावरचं जेल टॉवेलने हलकेच पुसून काढलं. मग स्टूल जवळ ओढून बसल्या आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. "डावी बाजू वाढली नाही गं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननेही तेच. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने विचारलं, एक मोटर गेली तर दुसरीवर चालवता येत नाही का? सर्जन भला माणूस होता, हसला नाही. कधीकधी आम्ही तेच करतो, म्हणाला. उजव्या बाजूलाच दोन्हीकडची कामं लावून देतो. पण या बाळाची उजवी बाजूही थकलेली आहे, तिची झडप गळते आहे. टेबलावर घेतलं तर ते तिथेच जाईल. मुलाने मान डोलावली.

घरी आल्यावर सुनेने बाईंना स्वयंपाकघरात गाठलं. मग आत्ता ते जगतंय कसं, हे तिला समजून घ्यायचं होतं. बाईंनी हातातली सुरी खाली ठेवून सांगितलं. पोटात बाळाला श्वास घ्यायचा नसतो, फुप्फुसांना काम नसतं. म्हणून त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्ताला अंगाकडे वळवणारी एक आडवाट असते. आपल्या बाळाचं सगळं रक्त त्या आडवाटेनेच अंगात जातंय. जन्म झाला, श्वास सुरू झाला की ती आपोआप मिटते. इतर बाळांची मिटते ते बरंच असतं.

"आणि याची मिटली की?"

"मग अंगाला रक्तच नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आत आहे तोवर त्याला काही त्रास नाही."

"काही नाही."

"मग राहू दे आत," सून म्हणाली. "राहील तितके दिवस."

बाकीच्या घरांत दिवस भरण्याची वाट बघतात, या घरात त्याची धास्ती होती. सून दुपारी कुशीवर पडून राही आणि बाई तिच्या पायांशी बसत. बाळ लाथ मारायचं तेव्हा सून बाईंचा हात ओढून तिथे ठेवायची. शेजारणी विचारत, कोणता महिना लागला? बाई दारातच उत्तर देऊन दार लावून घेत.

मुलगी झाली. गुलाबी, आणि रडणं असं की खोली दणाणली. काही माहीत नसलेली एक नर्स, अगदी ठणठणीत आहे हो, असं म्हणून गेली. मुलाने आईला बाजूला घेतलं. "मशीन चुकतं ना गं कधीकधी?" बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. औषधाची सुई लावून ती आडवाट थोडे दिवस उघडी ठेवता आली असती, पण त्याच्या पुढे काहीच नव्हतं. सुई टोचायची नाही, असं तिघांनी आधीच ठरवलं होतं.

मुलगी आईच्या कुशीतच राहिली. दूध प्यायली, जांभई दिली, बापाचं बोट धरून झोपली. बाई अधूनमधून तिच्या जांघेत दोन बोटं टेकवत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली नाडी बारीक झाली होती. दुपारपर्यंत पावलं गार पडली. तिने दूध तोंडात धरलं नाही.

"लागते का नाडी?" सुनेने विचारलं.

"लागते."

सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "आई, खरं सांगा."

"नाही लागत," बाई म्हणाल्या.

ऊन खिडकीतून उतरायच्या आत श्वासही थांबला. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. नर्स दुपटं घेऊन आली, तेव्हा सून म्हणाली की आधी मी तिला आंघोळ घालते.

बाईंनी टबात पाणी आणलं. सुनेने गाऊनची बाही वर सारली आणि पाण्यात कोपर बुडवलं.

"कढत आहे," ती म्हणाली.

बाईंनी मगभर गार पाणी ओतून हाताने ढवळलं. सुनेने पुन्हा कोपर बुडवून पाहिलं. तरी तिचं समाधान होईना, म्हणून बाई आणखी थोडं गार पाणी आणायला उठल्या.