सातव्या क्रमांकाचं गाणं

चाळीस वर्षं मी सोलापुरातल्या एका साप्ताहिकात सरकारची टिंगल केली. सरकारने ती कधी वाचली नाही. माझ्या निरोप समारंभाला अधिकारी आले आणि त्यांनी माझ्या लेखनाचं कौतुक केलं, तेव्हाच मला ते कळायला हवं होतं.

आमच्या वस्तीत जयंतीला गायनाचा कार्यक्रम असतो. परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गाण्यांची यादी द्यावी लागते. मंडळाचा सतीश दरवर्षी जुन्याच यादीची झेरॉक्स देतो. न वाचता तिच्यावर शिक्का बसतो, ती फायलीत जाते आणि स्टेजवर मंडळी पाहिजे ते गातात. दोन्ही बाजूंना मानवलेली व्यवस्था.

यंदा बुद्धप्रिया गाणार होती. तिचा बाप सिद्राम मागच्या वर्षी गटाराच्या चेंबरमध्ये उतरला, तो जिवंत वर आला नाही. ठेकेदार म्हणाला, या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. हजेरीपट दाखवला, त्यात खरोखरच नव्हता. पोरीने अर्ज केले, खेटे घातले, शेवटी गाणं केलं. 'बापाचं नाव कागदावर न्हाय, चप्पल त्येची काठावर हाय.' शेवटच्या कडव्यात सिद्रामचं पूर्ण नाव. सगळ्या वस्तीसमोर ते एकदा माइकवरनं घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

सतीश तापाने पडला म्हणून अर्जाचं काम माझ्याकडे आलं. झेरॉक्स देऊन या, असं त्याने दोनदा बजावलं. पण त्या पुसट कागदाची मला लाज वाटली. मी यंदाची दहाही गाणी शब्दन् शब्द, ओळींमध्ये मोकळी जागा ठेवून, तीन प्रतींत लिहून काढली. सातवं सिद्रामचं. खाली गायिकेचा पत्ताही घातला.

ठाण्यातल्या साहेबांनी माझ्यासमोरच सगळं वाचलं. सातवं पुन्हा वाचलं, ओठ हलवत. असा वाचक मला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. मग त्यांनी पट्टी ठेवून सातव्यावर लाल रेघ मारली. जयंतीच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून ठेकेदाराचाच फोटो होता, त्यामुळे या गाण्याने सलोखा धोक्यात येत होता. अक्षर सुंदर आहे, वाचायला त्रास झाला नाही, असंही ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विनंती अर्ज दिला, तर त्याच्याही अक्षराचं कौतुक झालं. नोटीस मात्र बुद्धप्रियाला बिनचूक पोचली. सातवं गायलं तर मंडळाची परवानगी कायमची रद्द.

कार्यक्रमाला हवालदार मल्लप्पा माझी प्रत मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. प्रत्येक ओळीवरून त्यांचं बोट फिरत होतं. सहावं गाणं संपलं. ढोलकीवाल्याने तालमीच्या सवयीने सातव्याचा ठेका धरला. बुद्धप्रियाने माइक हातात घेतला. मल्लप्पांनी लाल रेघेवर बोट ठेवून मान वर केली. तिने मागे फिरून ढोलकीवर हात ठेवला, ठेका थांबवला आणि आठवं सुरू केलं.

कार्यक्रमानंतर मी स्टेजमागे गेलो. ती तांब्याने पाणी पीत होती. म्हटलं, "पोरी, माझं चुकलं."

"न्हाय ओ काका," ती म्हणाली. "बाचं नाव कागदावर आलं की. ठाण्यात हाय आता, तीन प्रतींत."

ती थट्टा करत असती तर मला कळलं असतं. तेवढा एकच धंदा मी आयुष्यभर केलाय.