दोन पातेल्यांची कोंबडी

जावई पहिल्यांदा घरी आला की सासूने कोंबडी कापायची, ही रीत ओक्चॉनच्या डोंगरात सगळीकडेच. ओक्बुनबाईंच्या घरी मात्र ती ओतच्या सालीत शिजायची. ओत म्हणजे रोगणाचं झाड. सवय नसलेल्याच्या अंगावर ते बिब्ब्यासारखं उततं. आणि घरधनी चुन्बोंचा नियम एकच: ज्याला ओत सोसत नाही, तो या घराचा जावई नाही.

आता आली का पंचाईत! लेकीने, सॉल्हाने, पसंत केलेला हान्ग्योल पक्का सोल शहरातला. तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर संशोधन करायचा. एवढं शिकूनही तोंड कुठे बंद ठेवावं, हे काही बिचाऱ्याला कळत नव्हतं.

"सात पिढ्या झाल्या, या घरात कुणाला साधी खाज नाही," चुन्बो छाती फुगवून म्हणाले. "रक्तच तसलं आहे आमचं!"

"सात पिढ्यांनी काय होतंय, बाबा?" हान्ग्योल म्हणाला. "अंगातले पहारेकरी लाखो वर्षांच्या पूर्वजांकडून मिळतात, हे खरं. पण कुणाला आत घ्यायचं नि कुणाला झोडपायचं, हे ते बरंचसं बाळपणी शिकतात. इथल्या आज्या बाळाच्या ओठाला ओतचं पाणी लावतात ना? करामत त्यांची असणार."

"म्हणजे माझे पूर्वज काय माश्या मारत होते?"

सॉल्हाने कपाळावर हात मारला. ओक्बुनबाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या.

चुलीवर दोन पातेली होती. मोठ्यात ओतची कोंबडी, छोट्यात साधी. छोटं पातेलं पस्तीस वर्षं चढत होतं आणि ते कुणासाठी, हे एकट्या ओक्बुनबाईंना ठाऊक. त्या सात पिढ्या ओक्बुनबाईंच्या माहेरच्या, चुन्बो नुसतेच त्या आपल्या म्हणून मिरवायचे! चुन्बो सव्विसाव्या वर्षी घरजावई होऊन आले आणि पहिलीच कोंबडी खाऊन भोपळ्यासारखे सुजले. सासूने "गांधीलमाशी चावली हो" म्हणून वेळ मारून नेली. भोळा सांब, त्यांना ते अजूनही खरं वाटायचं.

आज छोट्या पातेल्यातून दोन वाडगे भरले असते की दोघंही तरले असते. पण मागे चुन्बो येऊन उभे.

"अगं, पोराला फसवून पास करतेस?" त्यांनी मोठ्या पातेल्यातून दोन वाडगे काठोकाठ भरले. "ये रे! मी खातो तसं खा."

"अहो, नका खाऊ! तुम्हाला सोसत नाही! ती गांधीलमाशी नव्हती!" ओक्बुनबाई किंचाळल्या.

"जावयाची बाजू घेऊन वाट्टेल ते बरळू नकोस," म्हणत चुन्बोंनी वाडगा तोंडाला लावला.

हान्ग्योलने सॉल्हाकडे पाहिलं. "दवाखान्यात फोन करून ठेव," म्हणाला, आणि डोळे मिटून त्यानेही रस्सा संपवला.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं टोचून घेऊन दोघं ओसरीवर बसले होते. एकाचा एक डोळा मिटलेला, दुसऱ्याचे दोन्ही. ओक्बुनबाई मलम चोळत होत्या.

"नियम तुमचाच," त्या म्हणाल्या. "मग आधी कुणाचं बोचकं बांधू? याचं, की तुमचं?"

चुन्बोंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"पस्तीस वर्षं वेगळं शिजवलंस? दर वेळी?"

"मग काय करणार? मला तुम्हीच हवे होतात."

चुन्बोंना एकदम भरून आलं. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी येईना, म्हणून ते नुसतेच हुंदके देत राहिले. मग चाचपडत त्यांनी हान्ग्योलचा हात धरला.

"लग्नाची तारीख काढा," ते म्हणाले. "पण सूज उतरल्यावरची. फोटोत मी असला नकोय."