घोडा पुढे, आजोबा मागे

"चष्मा नाकावरच आहे की तुझ्या! मग मला कशाला वाचायला लावतोस?" असं म्हणत ऑफिसातल्या लोरेटानं कागद एमिलच्या हातून ओढून घेतला आणि एका दमात वाचून टाकला. "'हिनं अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं.' झालं समाधान?"

"सगळं बरोबर आहे ना?"

"अरे, खुद्द मिस गेडिसनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. तिचं चुकायला लागलं तर आपण सगळ्यांनी परत तिसरीत जाऊन बसावं!"

एमिल टॅट्रो हसल्यासारखं करून ऑफिसातून शेडमध्ये परतला. अमेरिकेतल्या या बॅरी गावात ग्रॅनाइटच्या कारखान्याला शेडच म्हणतात. चौतीस वर्षं तो तिथं थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरत होता. हल्ली बहुतेक अक्षरं यंत्रच कापतं, पण कुणाला आपल्या हस्ताक्षरातली ओळ हवी असली की काम एमिलकडे येतं. मिस गेडिसना तशीच ओळ हवी होती. वय एक्क्याण्णव, मागे कुणी नाही, म्हणून बाई जिवंतपणीच स्वतःचा दगड सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मृत्यूचं साल तेवढं कोरं ठेवायचं. जमीन गोठायच्या आत, म्हणजे या शनिवारी, दगड उभा राहायला हवा होता. त्यासाठी आज दुपारी तरी छिन्नी लागायलाच हवी होती.

सकाळपासून एमिलनं पाच वेळा छिन्नी उचलली होती आणि पाच वेळा खाली ठेवली होती.

घोडं अडलं होतं एका शब्दावर. 'शिकवलं' याचा इंग्रजी शब्द, टॉट. त्याच्या पोटात जी आणि एच ही दोन मुकी अक्षरं बसलेली असतात. वाचणाऱ्यांची नजर अशा शब्दावरून घसरत पुढे जाते. एमिलची जात नाही. अंधारात जिना उतरावा तसा तो एकेक अक्षर चाचपत जातो. मुक्या अक्षरांसाठी त्यानं लहानपणीच एक युक्ती काढली होती: ग्रँडपा पुढे, हॉर्स मागे. आजोबा लगाम धरून पुढे चालतात, घोडा मागून येतो. आणि या कागदावर घोडा पुढे निघून गेला होता.

निदान त्याला तरी तसं दिसत होतं. पण त्याला दिसतं त्यावर विश्वास कोण ठेवणार? तो स्वतःही ठेवत नसे. मगाशी बाथरूममध्ये जाऊन त्यानं फोनमध्ये तो शब्द काढून पाहिला होता. फोनमध्ये आजोबा पुढे होते. पण फोन वाचणारे डोळेही त्याचेच ना! कागद पाहिला, फोन पाहिला, परत कागद पाहिला, आणि चौथ्या खेपेला दोन्हीकडची अक्षरं फेर धरून नाचायला लागली. लोरेटाला सरळ विचारलं असतं तर काम झालं असतं. पण साठी ओलांडलेल्या, अक्षरं कोरणाऱ्या माणसानं 'टॉटचं स्पेलिंग काय गं' असं विचारायचं कोणत्या तोंडानं?

या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात हे त्याला कळलं तेव्हा तो चाळिशी पार करून गेला होता. तेही मुलगी जनीनमुळे. तिच्या शाळेतल्या तज्ज्ञ बाई जनीनबद्दल सांगत होत्या आणि एमिल घामाघूम होऊन ऐकत होता, कारण त्या सांगत होत्या ती लक्षणं झाडून सगळी त्याची होती. मुलीला मदत मिळाली, ती आज नर्स आहे. एमिलनं स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. तोवर त्याला लोकांना 'चष्मा विसरलो' सांगायची सवय झाली होती.

आणि तिसरीच्या वर्गात त्याला फळ्यापाशी उभं करणाऱ्या बाई होत्या याच, मिस गेडिस. त्या ओरडत नसत. नुसतं विचारत, "नक्की?" तेवढ्यानं एमिल बरोबर लिहिलेलंही पुसून टाकी. वहीत खोडून खोडून कागदाला भोक पडे. मग बाई म्हणत, "आळस, एमिल टॅट्रो. दुसरं काही नाही."

"ए मायकेलअँजेलो!" मुकादम नँडो दुरून ओरडला. "बाई एक्क्याण्णवची आहे. तू असाच बसलास तर सालही आत्ताच कोरावं लागेल!"

नियम साधा होता. गिऱ्हाइकानं सही करून दिलंय तेच कोरायचं. तसं कोरलं असतं तर एमिलला कुणी बोल लावला नसता. पण मग ती चूक तिथं उन्हापावसात कायमची उभी राहिली असती, बाईंच्या डोक्याशी. तिसरीतल्या एमिलला ते फार आवडलं असतं. एकसष्टाव्या वर्षी मात्र त्याच्यानं ते होईना. त्यानं कोट चढवला.

"कुठे निघालास?" नँडो.

"सही आणायला."

"सही आहे की त्याच्यावर!"

"दुसरी," एमिल म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. दोनदा तो बाईंच्या घरावरून पुढे निघून गेला, तिसऱ्यांदा थांबला.

बाईंनी दार उघडलं आणि त्याच्या कानाकडे पाहत म्हणाल्या, "कोण आहे? जरा बाजूला सरक. मला मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं."

"एमिल टॅट्रो, मिस. शेडमधून आलोय."

"टॅट्रो." बाईंनी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, आल्याच्या बिस्किटांचा डबा अंदाजानं पुढे सरकवला. "दगड फुटला का?"

"नाही." एमिलनं कागद टेबलावर ठेवला. पाठ केल्यासारखं तो बोलून गेला, "ओळीतला एक शब्द चुकलाय. टॉट. जी आधी हवा, तुम्ही एच आधी लिहिलाय."

बाईंचा हात डब्यावर थांबला.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

तोच आवाज, तोच सूर. 'राहू द्या, माझंच चुकलं असेल,' हे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन उभं राहिलं. त्यानं टेबलाची कड धरली. मनात आजोबांना पुढे चालवलं, घोड्याला मागून आणलं. आजोबा पुढेच राहिले.

"नक्की, मिस," तो म्हणाला. "लोरेटानं वाचलं, तिला दिसलं नाही. लोकांना शब्द दिसतात. मला अक्षरं दिसतात, एकेक. मी तसाच वाचतो. तेव्हाही तसाच वाचायचो. तो आळस नव्हता."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाईंनी डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ओळीत अर्धं गाव का म्हटलं, विचारलं नाहीस तू."

"मला वाटलं, बाकीचे कॅथलिक शाळेत होते."

बाई हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "सगळं गाव लिहिणार होते. लिहवेना. काही मुलं डोळ्यांपुढे येतात, फळ्यापाशी उभी. त्यांना मी काही शिकवलं नाही रे. नुसतं छळलं." त्यांनी टेबलावर चाचपून पेन्सिल शोधली, शेजारचा खोडरबरही. दोन्ही त्याच्यापुढे सरकवली. "माझ्या हातून तो शब्द आता सरळ यायचा नाही. तू लिही."

"तुमच्या अक्षरात?"

"तुझ्या."

एमिलनं कागदाची कोरी जागा शोधली. एकेक अक्षर म्हणत त्यानं शब्द लिहिला. बाई मान कलती करून नुसता आवाज ऐकत होत्या. मधे एकदाही त्यांनी टोकलं नाही. खोडरबरला त्यानं हात लावला नाही. मग त्यानं बाईंचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं, आणि सही रेघ सोडून बरीच खाली गेली.

शनिवारी दगड उभा राहिला. थंडी मी म्हणत होती. तरी बाई आल्या, एमिलच्या दंडाला धरून. हातमोजा काढून त्यांनी ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि अक्षरांच्या चरांतून हळूहळू पुढे नेलं. एका शब्दावर बोट थांबलं.

"हा जरा झुकलाय."

"हो. आता खोडता यायचं नाही, मिस."

"खोडायचं कशाला?" बोट पुढे गेलं, खाली उतरलं, जन्मसालावरून फिरलं, आणि त्यापुढच्या गुळगुळीत, गार दगडावर जाऊन थांबलं. "हे कोण कोरणार?"

"मीच."

"नक्की?"

"नक्की, मिस," एमिल म्हणाला आणि हातमोजा त्यांच्यापुढे धरला.