कडेला लिहिलेलं

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. माणसं आपला वेळ कसा वापरतात, हे मोजायला मला छापलं. तीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. तेव्हा मी कोरी करकरीत होते आणि माणसातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा तोरा होता.

कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात मी काजं करणाऱ्या बाईच्या हाती पडले. जेवणाच्या सुट्टीत भरून होईना, म्हणून तिने मला घरी नेलं. तिची आई अंथरुणाला खिळलेली. सतराव्या प्रश्नाशी पेन थांबलं: ‘हातातलं काम अर्धवट सोडून मी उठते.’

“आई, कूस बदलू या,” म्हणत ती उठलीच. दर दोन तासांनी वळवलं नाही, तर म्हातारीच्या पाठीला जखमा होत. परत येऊन तिने प्रामाणिकपणे ‘नेहमी’वर खूण केली.

“कसला गं कागद?” आईने विचारलं.

“साहेबांकडे जायचाय. शिफ्टचंही लिहून टाकते त्यातच.”

मग माझ्या कडेला तिने बारीक अक्षरात लिहिलं: ‘आईला सारखं वळवावं लागतं. शेजारीण सकाळीच मोकळी असते. दुपारी आई एकटी पडते. मला सकाळची शिफ्ट द्यावी.’ बिचारी मला अर्जच समजली.

पाहणीच्या कचेरीत गुण मोजणाऱ्या मुलीने ते वाचलं. “मॅडम, हिने कडेला काहीतरी लिहिलंय.”

“चौकटीबाहेरचं मोजायचं नसतं गं. पुढचा घे.”

शंभरात एकतीस गुण. शेरा, नियोजन कच्चं. अहवालासोबत आमचा गठ्ठा साहेबांच्या कपाटात आला आणि कमी गुणवाल्यांना शिफ्टच्या आधी रोज तासभर वेळेच्या नियोजनाचा वर्ग सक्तीचा झाला. नेमकी तीच वेळ कामावर निघण्याआधी आईला शेवटचं वळवण्याची.

ती साहेबांकडे आली. “साहेब, मी लिहिलं होतं त्या कागदावर.”

साहेबांनी अहवाल चाळला. “यात तर तसं काही नाही.”

मी त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर होते. किती जीव तळमळला म्हणून सांगू! पण मला कुणी बाहेर काढल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

वर्ग माझं कपाट होतं त्याच खोलीत भरायचा. तिसऱ्या दिवशी घड्याळाकडे बघत ती मध्येच उठली, पिशवी घेतली आणि घराकडे धावली. शिकवणाऱ्यांनी यादीत लिहिलं: ‘काम अर्धवट सोडून जाते.’ शिफ्ट दुपारचीच राहिली.

आता माझा कागद पिवळा पडलाय. मित्रांनो, उद्या कुणाचा कागद तुमच्या हाती आला, तर चौकटी खुशाल मोजा. पण एकदा कडेलाही नजर टाका. तिचं अक्षर माझ्या कडेला अजून तसंच आहे.